नॉर्वेच्या फियॉर्ड प्रदेशातील रस्ताप्रवासाचे नियोजन : भूरूपे, ऋतुमान आणि वाहतूक व्यवस्था

प्रस्तावना

पश्चिम नॉर्वेतील आउर्लांड आणि लॅर्दाल ही दोन छोटी गावे एकाच फियॉर्डच्या दोन फाट्यांवर वसलेली आहेत. त्यांच्यामध्ये एक डोंगर उभा आहे आणि या गावातून त्या गावात मोटारीने जाण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता डोंगराच्या पोटातून जातो. सुमारे २४.५ किलोमीटर लांबीचा हा लॅर्दाल बोगदा नोव्हेंबर २००० मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि आजही तो जगातील सर्वांत लांब रस्ता-बोगदा आहे. तो पार करण्यास वीस मिनिटे पुरतात आणि तो वर्षभर चालू असतो. दुसरा रस्ता डोंगरावरून, १३०६ मीटर उंचीवरून जातो. त्याची लांबी ४७ किलोमीटर आहे, थांबत थांबत जाणाऱ्यास तो अर्धा दिवस सहज खातो आणि हिवाळ्यात तो बर्फाखाली गडप झालेला असतो. भर उन्हाळ्यातही त्याच्या दोन्ही कडांना बर्फाच्या भिंती दिसतात, म्हणून स्थानिक लोक त्याला ‘बर्फाचा रस्ता’ म्हणतात.

नॉर्वेतील प्रवासाची आखणी म्हणजे जवळजवळ सर्वत्र अशाच प्रकारची निवड होय. अलीकडे आपल्याकडील अनेक प्राध्यापक कुटुंबे सहल कंपनीच्या बसऐवजी स्वतः मोटार चालवून युरोप पाहण्याचा विचार करू लागली आहेत. त्यांच्या हाती असतो तो बहुधा एक नकाशा आणि स्थळांची यादी. या दोहोंच्या आधारे दिवसाला चारशे किलोमीटरांचा हिशेब मांडला जातो आणि तेथेच आखणी फसते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या प्रदेशात प्रवासाचे एकक किलोमीटर हे धरता येत नाही. कोठे पाणी ओलांडायचे, कोठे डोंगर ओलांडायचा आणि ते बोटीने, बोगद्याने की खिंडीतून, हे आधी ठरवावे लागते. बाकीचे वेळापत्रक त्यामागून आपोआप येते. हे का, ते समजण्यासाठी प्रथम भूरूपांकडे वळावे लागेल.

फियॉर्डची घडण

मराठीत फियॉर्डला पुष्कळदा ‘खाडी’ असे म्हटले जाते. सोयीचा शब्द म्हणून तो चालेल, परंतु कोकणातील खाडी डोळ्यांसमोर आणून फियॉर्डची कल्पना केली तर ती चुकते. कोकणातील खाड्या या समुद्राने व्यापलेल्या नदीमुखाच्या दऱ्या आहेत. त्या उथळ आहेत, त्यांच्या काठाला सपाटी आहे, खाजणे आहेत. फियॉर्ड हा हिमनदीने कोरलेल्या व नंतर समुद्राचे पाणी शिरलेल्या दरीचा प्रकार होय. गेल्या सुमारे २६ लाख वर्षांत स्कँडिनेव्हियावर बर्फाचे जाड थर वारंवार साचले व वितळले. या बर्फाने पूर्वीच्या नद्यांच्या दऱ्या खरवडून ‘यू’ आकाराच्या केल्या आणि समुद्रसपाटीच्याही कितीतरी खाली खोल नेल्या. किनाऱ्याजवळ बर्फ पसरून पातळ होई व त्याची कोरण्याची शक्ती कमी पडे. त्यामुळे फियॉर्डच्या मुखाशी खडकाचा उथळ उंबरठा राहिला आणि आतला भाग मात्र विलक्षण खोल झाला.

सोग्ने फियॉर्ड हे याचे उत्तम उदाहरण. समुद्रापासून आत सुमारे २०० किलोमीटर गेलेल्या या फियॉर्डची कमाल खोली १३०० मीटरच्या घरात आहे आणि त्याच्या काठचे डोंगर हजार मीटरहून उंच आहेत. मुख्य हिमनदीइतकी खोली तिच्या उपनद्यांना गाठता आली नाही. त्यांच्या दऱ्या कड्याच्या वरच्या अंगाला अधांतरी राहिल्या. भूगोलाच्या पुस्तकांत ज्यांना ‘लोंबत्या दऱ्या’ म्हणतात त्या याच, आणि फियॉर्डच्या कड्यांवरून कोसळणारे बहुतेक धबधबे त्यांच्याच तोंडाशी आहेत.

रस्ता बांधणाऱ्या अभियंत्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? इतक्या खोल पाण्यात पुलाचे खांब उभे करता येत नाहीत. काठाला सपाटी नसल्याने रस्ता कड्यात कोरावा लागतो. वर चढावे तर वृक्षरेषेपलीकडचे पठार आणि तेथे आठ-आठ महिने बर्फ. म्हणून फेरीबोट, बोगदा आणि उन्हाळी घाटरस्ता ही तीन साधने येथे शेजारी-शेजारी नांदतात. नैर्ऋत्य किनाऱ्याने क्रिस्तियानसांडपासून त्रोंडहाइमपर्यंत जाणारा ‘ई ३९’ हा महामार्ग सुमारे ११०० किलोमीटरांचा आहे. त्यावर सात ठिकाणी फेरीबोटीने पाणी ओलांडावे लागते आणि एकूण प्रवासास सुमारे २१ तास लागतात. म्हणजे देशाच्या एका प्रमुख महामार्गावरचा सरासरी वेग ताशी जेमतेम ५० किलोमीटर पडतो. डोंगरातील अरुंद रस्त्यांवर तो ४० धरावा. दिवसाला दीडशे, फार तर दोनशे किलोमीटर ही मर्यादा त्यातून निघते.

जुने रस्ते कसे वाचले

येथे एका प्रचलित समजाचा विचार करणे अगत्याचे आहे. बोगद्यांमुळे प्रवासातील सौंदर्य हरपले अशी हळहळ प्रवासवर्णनांतून पुष्कळदा व्यक्त होते. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. नॉर्वेत हजाराहून अधिक रस्ता-बोगदे आहेत आणि ते पर्यटकांसाठी खोदलेले नाहीत. हिवाळ्यात रुग्णालय, शाळा, बाजारपेठ यांच्याशी संबंध तुटणाऱ्या गावांसाठी ते आहेत. गाइरांगर या आज जगप्रसिद्ध असलेल्या गावाला वर्षभर चालू राहणारा रस्ता मिळाला तो १९५५ मध्ये, ‘गरुडमार्ग’ नावाचा अकरा वळणांचा घाट पूर्ण झाल्यावर. त्यापूर्वी डोंगरावरची खिंड बर्फाने बंद झाली की गावाला पाण्याची वाट तेवढी उरे. शिवाय बोगद्याने अवजड वाहतूक आपल्याकडे घेतली म्हणूनच अनेक जुने डोंगररस्ते रुंद न होता, जसेच्या तसे राहिले.

जुना स्ट्रीन घाटरस्ता हे याचे बोलके उदाहरण आहे. १८८१ ते १८९४ या काळात मजुरांनी हाताने बांधलेला हा २७ किलोमीटरांचा रस्ता पूर्व नॉर्वेला पश्चिमेशी जोडत असे. कडेला उभे केलेले दगडी अडसर आणि हातांनी रचलेल्या भिंती आजही तेथे दिसतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शेजारून बोगद्यांचा बारमाही रस्ता झाला. तो झाला नसता तर जुना रस्ता रुंदीकरणात नाहीसा झाला असता, यात शंका नाही.

या वारशाला धोरणाचे रूप देण्याचे श्रेय नॉर्वेच्या रस्ते प्रशासनाकडे जाते. १९९० च्या दशकात काही निवडक मार्गांवर प्रयोग करून पुढे ‘राष्ट्रीय पर्यटनमार्ग’ ही योजना आखण्यात आली. आज अशा मार्गांची संख्या १८ असून त्यांची एकूण लांबी दोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. या योजनेचे वैशिष्ट्य असे की, वाहनतळ, स्वच्छतागृह, पायवाट, कठडा यांसारख्या किरकोळ समजल्या जाणाऱ्या बांधकामांसाठी वास्तुविशारदांची नेमणूक करण्यात आली. आउर्लांड फियॉर्डच्या वर ६५० मीटर उंचीवर, कड्यापासून सुमारे ३० मीटर बाहेर झेपावणारा स्टेगास्टाइन येथील लाकडी सज्जा टॉड साँडर्स व टॉमी विल्हेल्मसेन यांनी रचला आणि तो २००६ मध्ये पूर्ण झाला. रिफिल्के मार्गावरील जस्ताच्या जुन्या खाणीचे संग्रहालय पीटर त्सुमथोर यांचे आहे. वाहनचालकाने नेमके कोठे थांबावे हे या बांधकामांनी ठरवून दिल्यामुळे रस्त्यात मधेच गाडी उभी करण्याचा धोकाही कमी होतो. स्वच्छतागृहाला रचनेचा विषय मानणारे सार्वजनिक बांधकाम खाते ही गोष्ट आपल्या स्थापत्य विभागांतील अध्यापकांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे.

ऋतूची निवड

प्रवास केव्हा करावा या प्रश्नाचे उत्तर खिंडी उघडण्याच्या वेळेवर अवलंबून आहे. सोग्ने डोंगरमार्ग साधारणतः मे महिन्यात उघडतो, त्रोल्स्टिगेन मेच्या उत्तरार्धात, तर जुना स्ट्रीन रस्ता बहुधा जूनमध्ये. शरद ऋतूच्या अखेरीस, हिमवर्षाव होईल तसे हे रस्ते बंद होतात. या तारखा दरवर्षी बदलतात व त्यांची हमी कोणी देत नाही. त्यामुळे मेच्या सुट्टीत जाऊन येऊ असे म्हणणाऱ्यास हार्डांगरच्या काठी सफरचंदाचा बहर लाभेल, परंतु डोंगरमाथ्यांपैकी काही बंद आढळतील. जूनचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य हा निर्धोक काळ समजावा.

त्यातही जून व सप्टेंबर यांचे गुण वेगळे आहेत. जूनच्या अखेरीस बर्गेन येथे सुमारे १९ तासांचा दिवस असतो. रात्री दहालाही लख्ख प्रकाशात गाडी चालवता येते आणि धबधबे बर्फाच्या पाण्याने भरलेले असतात. जुलैत नॉर्वेतील शाळांनाही सुट्टी असते, सबब निवास महाग व रस्ते भरलेले. सप्टेंबरमध्ये पठारावरील झुडपे तांबूस-पिवळी होतात, गर्दी ओसरते. मात्र धबधबे रोडावलेले असतात आणि काही उन्हाळी फेरीबोटींच्या फेऱ्या कमी झालेल्या असतात. आमच्या मते प्रथमच जाणाऱ्याने जूनचा उत्तरार्ध पत्करावा.

पावसाचे गणितही ध्यानात घ्यावे लागते. बर्गेन येथे वर्षाला २२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो वर्षभर विखुरलेला असतो. त्याच अक्षांशाच्या आसपास, डोंगरांच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेतील लोमच्या परिसरात तो ३०० मिलिमीटरांच्या आसपास आहे. तेथे शेतीला पूर्वापार पाटाचे पाणी द्यावे लागत असे. दीडशे-दोनशे किलोमीटरांत इतका फरक पडतो. किनाऱ्यावर पावसात सापडलेल्याने निराश न होता डोंगर ओलांडून पूर्वेस जावे. पुष्कळदा तेथे ऊन असते.

एक मार्गरेषा

वरील विवेचन प्रत्यक्षात कसे उतरते हे पाहण्यासाठी बर्गेन ते ओलेसुंड ही दहा दिवसांची मार्गरेषा विचारात घेऊ. ही एकमेव किंवा सर्वोत्तम आहे असा दावा नाही, परंतु तीत तिन्ही प्रकारचे पारगमन येते.

बर्गेनचा पहिला दिवस शहरासाठी आणि शरीराला वेळेचा बदल मानवण्यासाठी ठेवावा. लांब विमानप्रवासानंतर लगेच अनोळखी बाजूने गाडी चालवणे शहाणपणाचे नाही. दुसऱ्या दिवशी पूर्वेस नोरहाइमसुंडमार्गे हार्डांगर फियॉर्डच्या काठाने आइडफियॉर्ड गाठावे. अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास. वाटेत स्टाइन्सडाल धबधब्याच्या मागून चालत जाता येते. येथील उतारांवर सफरचंद व चेरीच्या बागा आहेत. ६० अंश उत्तरेस फळबागा पिकतात याचे कारण उबदार सागरी प्रवाह आणि फियॉर्डच्या पाण्यात साठून राहणारी उष्णता. पुढे वाट एका बोगद्यात शिरते. बोगद्यातच एक वर्तुळाकार चौक लागतो आणि तेथून वळण घेताच आपण एकदम उजेडात, पाण्यावर लटकलेल्या हार्डांगर पुलावर येतो. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या या झुलत्या पुलाचा मधला गाळा १३१० मीटरांचा आहे. मधे खांब का नाही, याचे कारण वर आलेच आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी वोरिंग्सफोस हा सुमारे १८० मीटर उंचीचा धबधबा पाहावा. वस्तुतः तो हार्डांगर पठारावरून खाली येणाऱ्या लोंबत्या दरीचे तोंड आहे. घळीवर २०२० मध्ये बांधलेला पायऱ्यांचा पूल उंचीचे भय नसणाऱ्यांनी चढावा. मग परत पूल ओलांडून वोस व गुडवांगेनमार्गे आउर्लांडला मुक्काम.

आउर्लांडला दोन रात्री राहावे, असा आमचा आग्रह आहे. गाडी येथे एक दिवस उभी ठेवावी. नॅरोय फियॉर्ड काही ठिकाणी जेमतेम अडीचशे मीटर रुंद आहे आणि त्याच्या काठाने रस्ताच नाही. तो बोटीतूनच पाहावा लागतो. फ्लोम ते गुडवांगेन हा बोटीचा प्रवास सुमारे दोन तासांचा. २०१८ पासून या मार्गावर पूर्णतः विजेवर चालणारी प्रवासी बोट धावू लागली, त्यामुळे कड्यांवरच्या धबधब्यांचा आवाज ऐकू येतो, आणि हा लाभ लहान समजू नये. फ्लोमची २० किलोमीटरांची रेल्वे १९४० मध्ये सुरू झाली. समुद्रसपाटीपासून मिरडालपर्यंत ती ८६० मीटरांहून अधिक चढते.

पाचव्या दिवशी लेखारंभी उल्लेखिलेली निवड समोर येते. हवामान स्वच्छ असेल तर स्टेगास्टाइनवरून डोंगरमार्गे लॅर्दाल गाठावे. धुके असेल तर हट्ट न धरता बोगदा घ्यावा, कारण धुक्यात वर काहीच दिसत नाही आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणारे वाहनही दिसत नाही. बोगदाही पाहण्यासारखा आहे. चालकाला कंटाळा व झापड येऊ नये म्हणून मानसशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने त्यात मधूनमधून तीन प्रशस्त दालने खोदली असून त्यांत निळा-पिवळा प्रकाश सोडला आहे. लॅर्दालजवळ बोर्गुंड येथे बाराव्या शतकाच्या अखेरीचे लाकडी स्टाव्ह चर्च उभे आहे. त्यानंतर फोडनेस ते मानहेलर ही पंधरा मिनिटांची फेरीबोट सोग्ने फियॉर्डच्या फाट्यापलीकडे नेते. मुक्काम सोग्नडाल वा गाउप्ने परिसरात करावा. जवळच उर्नेस येथील स्टाव्ह चर्च १९७९ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

सहाव्या दिवसाचा सोग्ने डोंगरमार्ग हा या प्रवासाचा कळस होय. गाउप्नेपासून लोमपर्यंतचा १०८ किलोमीटरांचा हा रस्ता १४३४ मीटरांवर पोहोचतो. उत्तर युरोपातील खिंडीतून जाणारा हा सर्वांत उंच रस्ता. रस्ता होण्यापूर्वी शतकानुशतके ही व्यापाराची पायवाट होती. किनाऱ्याकडून मीठ व मासळी वर येई आणि पूर्वेकडून लोणी, डांबर व कातडी खाली जात. १९३८ मध्ये मोटाररस्ता पूर्ण झाला. तो बांधण्याचे काम बेरोजगार तरुणांना देण्यात आले होते. महामंदीच्या काळातील रोजगारनिर्मितीचा अभ्यास करणाऱ्यांना येथे एक प्रत्यक्ष पुरावा सापडेल. डोळ्यांसमोर योटुनहाइमेनची शिखरे, कडेला हिमनद्यांच्या जिभा आणि उन्हाळ्यातही बर्फावर घसरणारे लोक दिसतात. शंभर किलोमीटरांसाठी संपूर्ण दिवस द्यावा.

लोमहून सातव्या दिवशी ग्रोटलीमार्गे जुना स्ट्रीन रस्ता पाहून, बोगद्यांच्या रस्त्याने परत येत गाइरांगरकडे उतरावे. गाइरांगरच्या या घाटरस्त्याला १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले होते. आठवा दिवस गाइरांगर फियॉर्डसाठी. नॅरोय व गाइरांगर हे दोन्ही फियॉर्ड २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. बोटीतून जाताना कड्याच्या अरुंद पायरीवर वसलेली स्कागेफ्लो, क्निव्हस्फ्लो अशी ओसाड शेतघरे दिसतात. स्कागेफ्लो १९१६ मध्ये सोडले गेले. क्निव्हस्फ्लोच्या रहिवाशांना त्याआधीच, दरडीच्या भयाने, घर सोडावे लागले होते. इतक्या उभ्या जागी माणसे शेळ्या पाळून राहत होती हे पाहिल्यावर फियॉर्डकडे केवळ देखावा म्हणून पाहणे अवघड होते.

नवव्या दिवशी गरुडमार्गाने चढून आइड्सडाल–लिंगे ही दहा मिनिटांची फेरीबोट घ्यावी आणि वालडालमार्गे त्रोल्स्टिगेन उतरावा. १९३६ मध्ये राजा हाकोन सातवा याच्या हस्ते खुल्या झालेल्या या घाटात अकरा हेअरपिन वळणे आहेत. पायथ्याशी ओन्डाल्सनेस. दहाव्या दिवशी ओलेसुंड. १९०४ च्या आगीत भस्मसात झाल्यावर हे शहर एकाच शैलीत, दगड-विटांत, काही वर्षांत पुन्हा उभे राहिले. मोटार एका शहरात घेऊन दुसऱ्यात परत केल्यास भाड्याच्या कंपन्या मोठे जादा शुल्क आकारतात. ते परवडत नसल्यास किनाऱ्याच्या ‘ई ३९’ ने बर्गेनला परतण्यासाठी आणखी दोन दिवस धरावेत.

नियम, वाहन व खर्च

नॉर्वे १९९४ च्या सार्वमतानंतर युरोपीय संघाबाहेर राहिला, तरी शेंगेन क्षेत्रात आहे. त्यामुळे भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. आपल्या वाहन परवान्यासोबत प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना बाळगावा. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. त्याच सुमारास मूळ परवान्याची मुदत संपत नाही ना हेही पाहावे.

वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. याची सवय सरळ रस्त्यावर अर्ध्या तासात होते. चुका होतात त्या सकाळी रिकाम्या वाहनतळातून बाहेर पडताना. ज्या चौकात खूण नसेल तेथे उजवीकडून येणाऱ्यास प्राधान्य असते, आणि हा नियम तेथे काटेकोरपणे पाळला जातो. दिवसाही दिवे लावणे बंधनकारक आहे. वस्तीत ताशी ५० व वस्तीबाहेर ८० किलोमीटर ही सर्वसाधारण वेगमर्यादा असून काही बोगद्यांत दोन कॅमेऱ्यांमधील सरासरी वेग मोजला जातो. दंड इतके जबर आहेत की त्यातून प्रवासाचे अंदाजपत्रक कोलमडावे. रक्तातील मद्याची मर्यादा ०.०२ टक्के, म्हणजे भारतातील ०.०३ टक्क्यांहूनही कमी आहे.

एकपदरी घाटात ‘एम’ अक्षराची पाटी असलेल्या जागा समोरच्याला वाट देण्यासाठी असतात, छायाचित्रासाठी नव्हेत. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवण्याऐवजी खालचा गिअर वापरावा. मेंढ्या रस्त्यावर निवांत बसतात, आणि ऊन तापले की बोगद्याच्या तोंडाशी सावलीला येतात. उजेडातून काळोखात शिरताना हे विसरू नये.

पथकर वसूल करण्यासाठी नाके नाहीत. कॅमेरा क्रमांकपट्टी टिपतो व रक्कम भाड्याच्या कंपनीमार्फत आपल्याकडे येते. प्रवास संपल्यानंतर काही आठवड्यांनी येणाऱ्या या आकारणीची तरतूद आधीच करावी. नॉर्वेत आता विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी बहुसंख्य विजेवर चालतात, त्यामुळे भाड्यानेही तशीच मोटार मिळण्याचा संभव मोठा आहे. चढावर बॅटरी झपाट्याने उतरते आणि उतारावर काही अंशी भरून निघते, हे खिंडीच्या दिवशी ध्यानी ठेवले म्हणजे झाले. निवास व उपाहारगृहे अत्यंत महाग आहेत. छावणीस्थळांवरील स्वयंपाकघर असलेल्या लाकडी झोपड्या भाड्याने घेऊन स्वतः रांधणे हा मध्यमवर्गीय उपाय, आणि शाकाहारींना तर तोच सोयीचा. किराणा दुकाने बहुतांशी रविवारी बंद असतात, म्हणून शनिवारीच शिधा भरावा. १९५७ च्या कायद्याने मोकळ्या भूमीवर तंबू ठोकण्याचा हक्क सर्वांना आहे, मात्र वस्तीच्या घरापासून १५० मीटर अंतर राखावे लागते.

दरडी आणि राखीव दिवस

हिमनदीने कड्यांना दिलेला उभेपणा टिकाऊ नाही. ७ एप्रिल १९३४ च्या पहाटे ताफियॉर्ड येथे डोंगराचा भाग पाण्यात कोसळला. त्यातून उठलेल्या साठ मीटरांहून उंच लाटेने काठची वस्ती धुऊन नेली व ४० जण मृत्युमुखी पडले. लोएन येथे अशाच दुर्घटना १९०५ व १९३६ मध्ये घडून अनुक्रमे ६१ व ७४ माणसे दगावली. गाइरांगरच्या वाटेवरील ओकनेसेट हा भेगाळलेला कडा आज चोवीस तास यंत्रांच्या निरीक्षणाखाली आहे. धोक्याची सूचना मिळताच वस्ती हलवता यावी हा त्याचा उद्देश. प्रवाशाने याने घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु रस्ता बंद होणे ही येथे अपवादात्मक घटना नाही हे समजून घ्यावे. जून २०२४ मध्ये कोसळलेल्या दगडांमुळे त्रोल्स्टिगेन त्या वर्षीच्या उर्वरित हंगामापुरता बंद ठेवावा लागला. ऑगस्ट २०२३ मधील ‘हान्स’ वादळाने दक्षिण नॉर्वेत रस्ते तुटले व रिंगेबू येथील रेल्वेपूल कोसळला. म्हणून दहा दिवसांच्या आखणीत एक दिवस पूर्णतः मोकळा असावा आणि परतीच्या विमानाआधीची रात्र त्याच शहरात असावी. रस्त्यांच्या स्थितीची माहिती १७५ या दूरध्वनी क्रमांकावर मिळते. अग्निशमन ११०, पोलीस ११२ व रुग्णवाहिका ११३ हे क्रमांक गाडीत लिहून ठेवावेत.

बदलती पारगमने

ही व्यवस्था स्थिर नाही, त्यामुळे जुन्या प्रवासपुस्तकांवर विसंबून आखणी करू नये. हार्डांगर पूल होण्यापूर्वी तेथे फेरीबोट होती, आणि ज्या पुस्तकात ती अद्याप आहे ते बाजूला ठेवावे. सोग्ने फियॉर्डवरील लाव्हिक–ओपेडाल मार्गावर २०१५ मध्ये ‘आंपेर’ ही बॅटरीवर चालणारी मोटारवाहू फेरीबोट सुरू झाली. या प्रकारची ती जगातील पहिली मोठी बोट. जागतिक वारसा लाभलेल्या फियॉर्डांत १० हजार टनांखालील प्रवासी जहाजांना १ जानेवारी २०२६ पासून शून्य उत्सर्जनाचा नियम लागू झाला असून मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत आहे. यामुळे गाइरांगरमधील बोटींच्या फेऱ्यांत बदल होऊ शकतात. त्या वर्षीचे वेळापत्रक पाहिल्याखेरीज निवासाचे आरक्षण करू नये.

‘ई ३९’ वरील सर्व फेरीबोटी टप्प्याटप्प्याने हटवण्याचे धोरण नॉर्वेने आखले आहे. स्टाव्हांगरच्या उत्तरेस बोकना फियॉर्डखालून ‘रोगफास्ट’ या बोगद्याचे काम चालू आहे. सुमारे २७ किलोमीटर लांबीचा व समुद्रसपाटीखाली ३९० मीटरांपर्यंत जाणारा हा बोगदा २०३३ मध्ये खुला होणे अपेक्षित आहे, आणि त्या दिवशी लॅर्दालचा विक्रम मोडेल. तोवर स्टाव्हांगरकडून उत्तरेस जाणाऱ्याला मोर्टाविका–आर्सवोगेन ही फेरीबोटच घ्यावी लागेल. तिच्या पंचवीस मिनिटांत आणि धक्क्यावरील रांगेत जाणारा वेळ त्या दिवसाच्या हिशेबात धरावा.